महाबळेश्वर कॅन्सल, नळदुर्ग फिक्स!

ऑक्टोबर लागला की आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘चला राव, कुठंतरी जाऊन येऊ.’ मग दोन दिवस नुसता धुरळा. कुणी वेण्णा तलावातल्या बोटींचे फोटो टाकतं, कुणी धुक्यातल्या घाटाचं रील, कुणी थेट हॉटेलचे रेट. तिसऱ्या दिवशी ‘कोण कोण येणार?’ असा पोल येतो आणि तिथून प्लॅन आचके द्यायला लागतो. चौथ्या दिवशी ग्रुपवर परत गुड मॉर्निंगचे मेसेज सुरू.

तुमच्या ग्रुपचीही हीच कथा असेल. मागच्या वर्षी मात्र आमच्या ग्रुपवर प्लॅन मोडण्यापेक्षा वाईट गोष्ट झाली, म्हणून हे लिहितोय.

आम्ही आठ जण. चार मुलं, चार मुली. सगळे उमरग्यात कॉलेजला, निम्मे गावाकडून एसटीनं येणारे. ठरलं महाबळेश्वर. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री परत. उमरग्याहून साडेतीनशेच्या वर किलोमीटर, म्हणजे येण्याजाण्यातच वीकेंडचा निम्मा वेळ जाणार, हे कुणीच मोजलं नव्हतं. खर्च काढला माणशी चार हजार. मग पोल आला. एकीनं लिहिलं, ‘मुक्काम असेल तर घरून पाठवणार नाहीत.’ एक जण सुट्टीच्या दिवशी दुकानात काम करतो, त्याला लागोपाठ दोन दिवस मिळेनात. तिसऱ्यानं एवढंच लिहिलं, ‘सोयाबीन काढायलंय घरी. मला जमत नाही.’

राहिले पाच. कुणीतरी लिहिलं, ‘मग पाचच जाऊ की. प्रत्येक वेळी सगळ्यांसाठी थांबलो तर कधीच जाणं होणार नाही.’ त्यावर चार अंगठे पडले. त्यातला एक माझा होता. त्या रात्री सोयाबीनवाला मित्र ग्रुपमधून लेफ्ट झाला. भांडण नाही, काही नाही. नुसतं ‘लेफ्ट’.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाला, ‘अरे, मी असलो काय न् नसलो काय. तुम्ही जावा.’ मी म्हटलं, पैशाचं बघू आपण, आम्ही भरतो तुझे. तिथं तर मी माती खाल्ली. तो शांतपणे म्हणाला, ‘पैसे नाहीत असं नाही. चार हजारात हरभऱ्याचं बी न् खत येतंय घरी. तू भरलास तरी मला तिथं बसून ते खायला होणार नाही.’

आता माझं मत सांगतो. सहल चांगली की वाईट हे ठिकाणावरून ठरत नाही. ग्रुपमधला सगळ्यात अडचणीतला माणूस तिच्यात येऊ शकतो का, यावरून ठरतं. तो येऊ शकत नसेल तर ती ग्रुपची सहल नाही. ज्यांना परवडतं त्यांची ती सहल, आणि बाकीच्यांनी स्टेटस बघायचं.

आपल्याकडचा ऑक्टोबर

‘वीकेंड गेटवे’ हा शब्द आपण मोठ्या शहरातून उचललाय. तिथं शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटतं. आपल्या तालुक्यात ऑक्टोबरचा शनिवार-रविवार म्हणजे काय? कॉलेजला सुट्टी आहे म्हणून रानात दोन हात जास्त. सोयाबीनची काढणी, बनीम लावणं, मळणी यंत्राची वाट बघणं, आणि परत पाऊस आला तर रात्री-अपरात्री ताडपत्री घेऊन पळणं. वाळलेल्या शेंगा हाताला कशा टोचतात हे ज्यानं काढलंय त्याला विचारा. गुत्त्यानं द्यायचं तर रोख पैसे लागतात, म्हणून घरची पोरंच उतरतात. ते संपेस्तोवर हरभऱ्याची, ज्वारीची पेरणी डोक्यावर. त्यात विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक कधी येऊन पडेल सांगता येत नाही.

आणि याच दिवसांत आपला भाग सगळ्यात देखणा असतो, ही गंमत बघा. पावसानं धुतलेलं आभाळ, बांधावर पिवळाधमक तरवड, तुरी फुलायच्या बेतात, ओढ्याला अजून पाणी. शरद ऋतू म्हणून पुस्तकात जे वाचतो ते आपल्या दारात घडत असतं. आपण मात्र मोबाइलमध्ये दुसऱ्याच्या जिल्ह्यातलं धुकं बघत बसतो.

यात सगळा दोष आपलाच नाही. आपला भाग बातम्यांत आला तो दोन गोष्टींसाठी. एक, 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. दुसरा दुष्काळ, 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते देशानं पाहिलं. लहानपणापासून हेच ऐकल्यावर आपल्यालाही वाटायला लागतं की इथं बघण्यासारखं काही नाही. इथून बाहेर पडायचं, बस्स. पुण्यात कुणी ‘कुठला रे तू?’ विचारलं की आपण ‘सोलापूरच्या जवळ’ म्हणून मोकळे होतो.

तर मग नळदुर्ग

आम्ही महाबळेश्वर कॅन्सल केलं. त्याआधीच्या शनिवारी तिघं जण मित्राच्या रानात गेलो. मदत किती झाली देव जाणे. त्याची आई हसून म्हणाली, ‘तुमी बसा बाळांनो, चहा घ्या, तेवढीच मदत.’ पण त्या दिवशी तारीख त्यानं सांगितली. रास झाली की पुढचा रविवार. मुक्काम नाही. सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत घरी.

नळदुर्ग आपल्यापासून पन्नासेक किलोमीटर. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर सरळ रस्ता, येणेगूर, जळकोट करत सव्वा तासात एसटी तिथं सोडते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळे आमच्या चौघींचा प्रवास निम्म्यात झाला आणि ‘मुली असल्या की खर्च वाढतो’ म्हणणाऱ्याचं तोंड बंद झालं. डब्यात धपाटे, शेंगाचटणी, एकीनं आणलेला सुशीला. चार हजारांचं बजेट शेकड्यांत आलं.

मित्राच्या चुलत्यानं विचारलं होतं, ‘काय बघायला जायलाव नळदुर्गात? दगडं?’

हो, दगडंच. पण कसली! बालाघाटच्या डोंगररांगांच्या मुलखात बोरी नदीच्या वळणावर हा किल्ला बसलाय. शंभराहून जास्त बुरूज. पलीकडं रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला, आणि दोघांना जोडणारा नदीतला दगडी बंधारा. या बंधाऱ्याच्या पोटातच खोल्या काढल्यात. तोच पाणीमहाल. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, 1613 मध्ये तो बांधला गेला. नदी भरली की पाणी बंधाऱ्यावरून दोन मोठ्या धारांनी खाली कोसळतं. एकीचं नाव नर, दुसरीचं मादी. आतल्या दालनात उभं राहिलं की खिडकीबाहेर पाण्याचा पडदा आणि आत आपण कोरडे. चारशे वर्षं झाली त्याला.

मघाच्या वेण्णा तलावाची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. तोही निसर्गानं दिलेला नाही. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये तो बांधून घेतला. म्हणजे ज्या तळ्यासाठी आपण साडेतीनशे किलोमीटर जाणार होतो, त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी आपल्या जिल्ह्यात नदी अडवून तिच्या पोटात महाल बांधला होता. आणि आपण म्हणतो, इथं काय आहे?

बंधाऱ्याजवळ उभे असताना सोयाबीनवाला मित्र बराच वेळ पाण्याकडं बघत होता. मग म्हणाला, ‘हे नर-मादी म्हणजे सांडवाच की. जास्तीचं पाणी वाट काढून सोडलंय, नाहीतर भिंत फुटली असती.’ त्याच्या शेततळ्याला सांडवा आहे, त्याला ते पटकन दिसलं. आम्ही फोटोसाठी जागा शोधत होतो.

उपळ्या बुरुजावर चढलो. वर दोन लांबलचक तोफा आहेत आणि चहूबाजूंनी वारा. खाली बोरीचं वळण, पलीकडं रानं, काही काढलेली, काही उभी. मेडोज टेलर हा ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा इंग्रज 1850 च्या दशकात कारभारासाठी नळदुर्गात राहिला होता. एकेकाळी आपल्या जिल्ह्याचं नावच नळदुर्ग होतं. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? मलाही जायच्या आदल्या रात्री कळलं.

‘कोण कोण आहे बरोबर?’

ज्या मैत्रिणीला मुक्कामाची परवानगी नव्हती, ती येताना बसमध्ये एक गोष्ट बोलली. कोजागरीला तुळजापूरला लाखो लोक पायी जातात. सोलापूरकडून, कर्नाटकातून. तीही आत्याबरोबर रात्रभर चालत गेलीये. तेव्हा घरात कुणी काही विचारलं नाही, उलट पाया पडले. दिवसाढवळ्या एसटीनं नळदुर्गला जायचं म्हटल्यावर मात्र कोण कोण आहे, पोरं किती, परत किती वाजता, फोन लागेल का, हे चार दिवस चाललं.

आईवडिलांना काळजी असते, ती खरी असते. त्यांना मूर्खात काढून काही होत नाही. पण ‘विचारूच नका, पाठवणार नाहीत’ म्हणून तिला गृहीत धरून सोडून देणारे आम्हीही त्यात होतोच. एक दिवसाची, उजेडातली, एसटीची सहल ठरवली तर परवानगी मिळाली. पुढच्या वेळी प्रश्न चारचे तीन होतील. अशानंच ते कमी होतात.

कुणी म्हणेल, म्हणजे लांब जायचंच नाही का? जा की! मलाही महाबळेश्वर बघायचंय, हिमालय बघायचाय. दोघं जणच जाणार असतील तर दोघांनी खुशाल जावं. पण ग्रुपच्या नावानं प्लॅन करायचा, निम्म्यांना जमणार नाही असा करायचा, आणि वर ‘तूच येत नाहीस’ म्हणून त्यालाच ऐकवायचं, हे बरोबर नाही. एखादा दर वेळी ‘काम आहे’ म्हणत असेल तर त्याला खरंच काम असतं किंवा पैसे नसतात. दुसरी गोष्ट तो सांगणार नाही. आपण ओळखायची.

आणि बाकी कुठंही जा, एवढं पाळा. सांडव्यावर, बंधाऱ्याच्या काठावर सेल्फीसाठी उतरू नका. दगड शेवाळलेला असतो, पाय सटकला की संपलं. अडवलं तर हुज्जत घालू नका. पाणीमहालाच्या भिंतीवर बदाम कोरू नका, चारशे वर्षांत त्या भिंतीनं तुमच्या प्रेमाची वाट बघितलेली नाही. धरणाच्या काठावर बाटल्या टाकून येऊ नका. आपल्याकडं तळं म्हणजे आधी कुणाच्या तरी घागरीतलं पाणी असतं, देखावा नंतर. महामार्गावर ट्रिपल सीट तर नकोच, हैदराबादकडं जाणारे ट्रक आपल्यासाठी थांबत नाहीत.

ज्या वर्षी पाऊस रुसतो, त्या वर्षी नर-मादी कोरडे असतात. त्या वर्षी सोयाबीनही नसतं. म्हणून बोरी भरून वाहतेय असं कळलं की त्या शरदात जाऊनच या. आमच्या ग्रुपमध्ये तो मित्र परत आलाय. त्याला कुणी ‘ॲड’ केलं यावरून अजून वाद आहे.

यंदा ऑक्टोबरचा तो मेसेज पडेल तेव्हा पोलमध्ये एकच बदल करा. ‘कोण येणार?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘कुणाला जमणार नाही, आणि का?’ मग ठिकाण ठरवा.