बंदी आणि वाचक

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. त्याच वर्षी कविता प्रसिद्ध केल्याच्या गुन्ह्याखाली बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि वि. दा. सावरकरांच्या अठराशे सत्तावनवरील ग्रंथावर तो वाचकांच्या हाती पडण्याआधीच बंदी आली. १९१०च्या प्रेस कायद्याने छापखानेवाल्यांकडून जामीन घेण्याचा आणि छापलेला मजकूर जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचे प्रयोगही त्याच वर्षी बंद पडले. प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता.

हा बंदोबस्त छापखाना आणि रंगभूमी यांच्यापुरताच चालत होता. छापखान्याला मालक असतो, नाटकाला तारीख आणि थिएटर लागते. पोलिसांना जायला जागा असते. हाताने उतरवलेल्या वहीला आणि पाठ झालेल्या गाण्याला अशी जागा नसते. सत्तावनच्या ग्रंथाच्या इंग्रजी प्रती चोरून देशात येत राहिल्या, हातोहात फिरल्या. त्यावरची बंदी १९४६ साली उठली.

अशा वहीचे आणि गाण्याचे बळ साने गुरुजींच्या कामात दिसते. अमळनेरला ते १९२४ पासून खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकवत. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतः लिहून हस्तलिखित दैनिक काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी टिपून घेतली. पुढे गुरुजींच्या ‘पत्री’ या काव्यसंग्रहाच्या प्रती सरकारने जप्त केल्या. जप्ती कागदाची झाली. त्यातली गीते महाराष्ट्रातल्या शाळांतून आजही म्हटली जातात.

बंदीमुळे वाङ्मयाचा दर्जा वाढत नाही. सामान्य पुस्तकही जप्त होऊ शकते. बदल होतो तो वाचकात. एरवी पुस्तक विकत घेऊन वाचले की वाचकाचे काम संपते. बंदीच्या काळात त्याला ते लपवावे, उतरवावे, पाठ करावे, विश्वासातल्या माणसाच्या हाती द्यावे लागते. प्रत्येक वेळी तो धोका पत्करतो आणि तसा धोका पत्करणारी आणखी माणसे त्याला भेटतात. त्यांतूनच चळवळीची माणसे उभी राहतात.

स्वराज्यातही हा प्रश्न मिटला नाही. १९७५च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’लाही त्याची झळ लागली. १९७५ मध्येच कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली. छापण्यावर पहारा होता, तेव्हा व्यासपीठावरचा उच्चार हेच प्रकाशन ठरले.