गोदामाला ओझे म्हणणाऱ्यांना उत्तर

धंद्यातला खर्च कमी करायचा ठरला की पहिली कुऱ्हाड गोदामावर पडते. साठा म्हणजे अडकून पडलेला पैसा, आणि गोदाम म्हणजे त्या अडकलेल्या पैशापायी दर महिन्याला भरायचे भाडे. तेव्हा साठा शून्याकडे न्या, गोदामे कमी करा, उरलेली सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराकडे सोपवा, हा उपदेश व्यवस्थापनाच्या वर्गांतून कित्येक वर्षे होत आला आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्यापासून नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या लहान उद्योजकापर्यंत सगळ्यांच्या कानांवर तो गेला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पडून राहिलेल्या मालावर व्याज चढते, विमा भरावा लागतो, औषधाची मुदत उलटते, मॉडेल बदलले की सुटे भाग भंगाराच्या भावाने जातात. पण तेवढ्यावरून गोदामच अनुत्पादक ठरवणे हा मोठा घोटाळा आहे.

या मताचे समर्थक हमखास टोयोटाचा दाखला देतात. ताइइची ओनो यांनी घडवलेल्या उत्पादनपद्धतीत अनावश्यक साठा हा अपव्यय मानला आहे, हे खरेच. मात्र टोयोटाचा पुढचा इतिहास हे समर्थक सांगत नाहीत. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेकी या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकमध्ये बसणारी एक लहानशी झडप टोयोटाला जवळजवळ संपूर्णपणे तिथूनच मिळत असे, आणि हाताशी साठा जेमतेम होता. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. आठवड्याभरात उत्पादन पुन्हा सुरू झाले, कारण वर्षानुवर्षे जोडलेले पुरवठादार आपापल्या यंत्रांवर ती झडप बनवायला धावून आले. मोजक्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या लहान कारखान्यासाठी असे कोण धावून येणार?

मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर टोयोटाने आणखी एक धडा घेतला. कोणता भाग सहज मिळतो आणि कोणता एकदा अडला की महिनोन्‌महिने मिळत नाही, याची छाननी झाली. इलेक्ट्रॉनिक चिपसारख्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवण्याची व्यवस्था पुरवठादारांकडे करवली गेली. २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई आली, तेव्हा इतर मोटार कंपन्यांचे कारखाने थांबत असताना टोयोटा बरेच महिने तग धरून होती. पुढे तिलाही सप्टेंबरचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले, हे नमूद केले पाहिजे. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारात तिने विक्रीत जनरल मोटर्सला पहिल्यांदा मागे टाकले. साठा हटवा असे टोयोटा सांगत नाही. कुठला साठा ठेवायचा ते पारखून ठरवा असे सांगते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरे म्हणणे असे, की अनेक लहान गोदामांपेक्षा एक मोठे केव्हाही परवडते. हिशेबाच्या कागदावर ते बहुधा परवडतेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या केएफसीने आपला माल पोचवण्याचे काम बिडवेस्टकडून काढून डीएचएलकडे दिले. पूर्वी हे काम सहा गोदामांतून चाले. नव्या व्यवस्थेत सगळा माल रग्बी येथील एकाच गोदामातून निघू लागला. पहिल्याच दिवशी रग्बीजवळच्या मोटारमार्गावर अपघात होऊन वाहतूक तुंबली आणि मालाच्या गाड्या अडकल्या. पुढच्या काही दिवसांत सुमारे ९०० दुकानांपैकी निम्म्याहून अधिक बंद झाली, कारण कोंबडी विकणाऱ्या दुकानांत कोंबडीच पोचली नाही. देशात कोंबडीची टंचाई नव्हती. माल होता, गाड्या होत्या, गिऱ्हाईकही होते. एका ठिकाणी गाठ बसली तर दुसरी वाट मात्र ठेवलेली नव्हती. मार्चमध्ये उत्तरेकडच्या साडेतीनशेपर्यंत दुकानांचे काम कंपनीने पुन्हा बिडवेस्टकडे सोपवले.

इथे हिशेबाची एक खोच लक्षात घ्यायला हवी. गोदामाचे भाडे, हमाली, वीज हे सगळे खर्चाच्या रकान्यात ठळक दिसते. माल नसल्यामुळे परत गेलेले गिऱ्हाईक कुठल्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून गोदामात काटकसर करणाऱ्या अधिकाऱ्याची पाठ थोपटली जाते, आणि त्या काटकसरीने बुडालेली विक्री बाजारातल्या मंदीच्या नावावर खपते.

मग सॉफ्टवेअर आणा, असे तिसरे म्हणणे पुढे येते. सॉफ्टवेअर हवेच; हजारो प्रकारचा माल वहीवर सांभाळता येत नाही. पण संगणकाला तेवढेच कळते, जेवढे त्याला सांगितले जाते. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ११२ दशलक्ष डॉलर खर्चून १९९९ च्या जुलैमध्ये नवी संगणकप्रणाली सुरू केली. हॅलोविनच्या हंगामात कंपनीला सुमारे १०० दशलक्ष डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. चॉकलेट तयार होते! गर्दीच्या काळात जागा मिळेल तिथे माल ठेवण्याची तिथे जुनी पद्धत होती. अशा तात्पुरत्या जागा जुन्या माणसांना ठाऊक होत्या, नव्या प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचे कॅनडात याहून वाईट झाले. मालाच्या लांबी-रुंदीपासून चुकीची माहिती भरली गेल्यामुळे गोदामे तुडुंब आणि दुकानांतले रॅक रिकामे, अशी अवस्था आली. १३३ दुकानांसह कॅनडातून बाहेर पडत असल्याचे कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये जाहीर केले. सुरुवात होऊन दोन वर्षेही झाली नव्हती.

गोदाम अनुत्पादक नसते, याचा आपल्याकडचा पुरावा भिवंडीत आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवावा, लागेल तेवढाच शहरात आणावा, म्हणून माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. केवळ कर वाचवण्यासाठी राज्याराज्यांत उघडलेले अनेक डेपो कंपन्यांनी बंद केले, आणि ते योग्यच झाले. गोदाम ही फक्त करापायी पोसलेली व्याधी असती तर भिवंडीही ओस पडली असती. उलट ती वाढली. बंदर, महामार्ग आणि प्रचंड वस्ती यांच्या मधोमध माल तयार ठेवण्याला स्वतःची किंमत आहे. गिऱ्हाईक ती मोजते, कारण त्याला वस्तू आज हवी असते.

ही किंमत पत्र्याच्या शेडमधून आपोआप निघत नाही. ऑर्डरीप्रमाणे माल वेचून काढणे हे गोदामातले सर्वांत खर्चिक काम, आणि त्यातला मोठा वेळ नुसता चालण्यात जातो. रोज हलणारा माल डिस्पॅचच्या दाराजवळ ठेवला, ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर काढला, वर्षातून एकदा ३१ मार्चला सगळे मोजण्याऐवजी दररोज थोडे रॅक मोजून नोंदीशी ताडले, तर तीच जागा आणि तीच माणसे कितीतरी अधिक काम देतात. हे ज्ञान स्टोअरकीपरकडे आणि माल उतरवणाऱ्या माथाडींकडे असते. कुठला पुरवठादार नेहमी कमी नग पाठवतो, कुठला खोका पावसाळ्यात तळाला ठेवायचा नाही, ते त्यांना पक्के ठाऊक असते. तरीही बहुतेक कंपन्यांत स्टोअर ही दुसरीकडे न जमलेल्या माणसाला पाठवण्याची जागा समजली जाते.

उद्योजकांनी ही रीत मोडावी. गोदाम हलवण्याचा, ठेका बदलण्याचा किंवा नवी प्रणाली आणण्याचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत स्टोअरकीपरला बसवावे, माल नसल्यामुळे परत गेलेली प्रत्येक ऑर्डर लिहून ठेवावी, आणि भाड्याच्या आकड्याशेजारी तो आकडा मांडल्यावाचून गोदामाच्या खर्चाला हात लावू नये.