नौका केवढी असावी?

पावसाळा सरून भाताची कापणी उरकली, की गोंदिया जिल्ह्यातील शाळांना आणि कुटुंबांना सहलीचे वेध लागतात. फार दूर जाण्याचे कारणही नसते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय, इटियाडोहाचे धरण, नागझिऱ्याच्या वाटेवरची बोदलकसा आणि चोरखमारा ही तळी, आणि याशिवाय गावोगावचे मालगुजारी तलाव, अशी पाण्याची श्रीमंती महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली आहे. कोलू पाटील कोहळी यांनी सात बहिणींच्या डोंगरांमध्ये पाळ घालून बांध उभा केला तो शेतीसाठी. त्यावर पुढे पक्षी आले, पक्ष्यांमागे मारुती चितमपल्लींसारखे वनाधिकारी आले आणि त्यांच्या पुस्तकांतून हा बांध महाराष्ट्रभरच्या वाचकांच्या घरी पोहोचला. त्यानंतर आम्ही सहलीला जाणारे आलो. सहलीला जाणारा मनुष्य पाण्यापाशी आला, की त्याला पाण्यावर जावेसे वाटते. यात वावगे काहीच नाही.

वावगे घडते ते नौकेत पाय टाकताना. काठावरचा नेहमीचा संवाद पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. नावाडी विचारतो, "किती जण?" कुटुंबप्रमुख मान वळवून आपले गणगोत पाहतो आणि म्हणतो, "आठ. मुलं धरू नका." मुले पाच असतात. आजीबाई कडेला बसतील, धाकटी मांडीवर बसेल, मेहुणे उभे राहतील. सगळ्यांना एकत्रच जायचे आहे, वेगळे वेगळे जाण्यात काय गंमत! हा हिशेब आपण लबाडीने करीत नाही, सवयीने करतो. रेल्वेत लहान मुलाला अर्धे तिकीट, एस.टी.त "थोडं सरकून घ्या" म्हटले की आणखी दोघांची सोय, आणि लग्नाच्या पंगतीत ऐनवेळी वाढलेल्या वीस पानांचीही व्यवस्था. आपले सारे सामाजिक जीवन या सरकून घेण्यावर उभे आहे आणि जमिनीवर ते बहुधा निभावतेही. पाणी मात्र सरकून घेत नाही.

याचे कारण गणिताचे आहे आणि आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ असल्याने ते येथे मांडण्यास हरकत नाही. नौका तरते ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून, हे आर्किमिडीजपासून आपण शिकवत आलो. पण तरणे वेगळे आणि उलटण्यापासून वाचणे वेगळे. कलंडलेली नौका पुन्हा सरळ होते ती मुख्यतः तिच्या रुंदीच्या बळावर, आणि हे बळ रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी आणि भार तोच ठेवून नौका केवळ सव्वापट रुंद केली, तर कलण्याला होणारा तिचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. उलट अर्थाने, अरुंद डोंगा कितीही लांब असला तरी त्याच्या लांबीवर विसंबणे व्यर्थ होय. ढिवर बांधवाचा डोंगा हे त्याच्या कामापुरते अत्यंत हुशारीने घडलेले साधन आहे. एक जण वल्हवतो, दुसरा जाळे टाकतो, दोघांनाही आपला तोल पायाच्या अंगठ्यापर्यंत ठाऊक असतो. त्याच डोंग्यात शहरी चपला घातलेले सहा पाहुणे बसवले, की तो डोंगा राहत नाही, पैज होते.

अमेरिकेत वीस फुटांच्या आतील साध्या नौकांसाठी एक ठोकळ हिशेब प्रचलित आहे. नौकेची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास पंधराने भागावे; येईल तितकी माणसे, तीही प्रत्येकी दीडशे पौंडांची, म्हणजे सुमारे ६८ किलोंची, आणि हवा शांत असेल तर. या हिशेबाने सोळा फूट लांब व सहा फूट रुंद नौकेत सहा माणसे बसतात. बारा फूट लांब व अडीच फूट रुंद डोंग्यात फक्त दोन. म्हणजे ढिवरांनी शतकानुशतके अनुभवाने जे ठरवले, तेच पंधराच्या भागाकारातून निघते.

मात्र हिशेब कागदावर बरोबर असला म्हणजे पाण्यावरही बरोबर असतो असे नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवरात 'इथन अ‍ॅलन' नावाची सहलीची नौका उलटली आणि ४७ प्रवाशांपैकी २० जण दगावले. नौकेजवळ ४८ प्रवाशांचा रीतसर परवाना होता. म्हणजे प्रवासीसंख्येच्या नियमाचा भंग झालाच नव्हता! चौकशीत निघाले ते असे की, परवाना देताना दर माणशी १४० पौंड वजन धरले होते, प्रत्यक्षात त्या दिवशीच्या प्रवाशांचे सरासरी वजन १७८ पौंड भरले. शिवाय नौकेवर नंतर छत चढवले होते आणि त्यानंतर तिची स्थिरता कोणी पुन्हा तपासली नव्हती. नव्याने हिशेब केला तेव्हा त्या नौकेत १४ पेक्षा अधिक माणसे बसवणे योग्य नव्हते असे आढळले. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडेही नौकांवर हौसेने छत चढवले जाते. त्या छताचा भार नेमका जेथे नको तेथे, म्हणजे उंचावर असतो.

आपल्याकडील दाखले मात्र परवान्याच्या सूक्ष्म गणितापर्यंत पोहोचतच नाहीत. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या. नौकेत तिच्या क्षमतेहून कितीतरी अधिक जण बसवले होते आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. आमच्या विदर्भातच सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात वर्धा नदीच्या पात्रात नाव उलटून एकाच गोतावळ्यातील अकरा जण गेले. धार्मिक कार्यासाठी जमलेली मंडळी फिरायला म्हणून नावेत बसली होती. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत सहा स्त्रिया बुडाल्या, त्या मात्र मिरची तोडणीच्या मजुरीला पलीकडच्या तीरावर निघाल्या होत्या. ही दुर्घटना सहलीच्या पंक्तीत बसवणे आम्हास योग्य वाटत नाही. त्या बायांना नौका निवडण्याची मुभाच नव्हती. पूल नव्हता, म्हणून नाव होती. सहलीला जाणाऱ्याला ती मुभा असते, आणि म्हणूनच त्याच्याकडे जबाबदारीही येते.

मग कुटुंबाने केवढी नौका निवडावी? पुष्कळांचा समज असा की मोठी नौका म्हणजे अधिक सुरक्षित. समुद्रावर तो बव्हंशी खरा आहे. तलावावर तो अर्धाच खरा. मोठ्या नौकेत माणसे उठून फिरू लागतात. डाव्या अंगाला बदकांचा थवा दिसला की पंधरा जण एकदम डावीकडे धावतात आणि त्याच क्षणी नौकेचा सारा हिशेब कोलमडतो. मोठ्या नौकेला पाणीही खोल लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या तलावांचे पाणी ओसरते, गाळ वर येतो, पाणवनस्पती वल्ह्याला गुंडाळतात. आम्हास विचाराल तर सोळा जणांच्या एका नौकेपेक्षा आठ-आठ जणांच्या, रुंद बुडाच्या, खालच्या बैठकीच्या दोन नौका केव्हाही श्रेयस्कर. दोघी बरोबरीने निघाव्यात, म्हणजे एकीवर प्रसंग आला तर दुसरी हाकेच्या अंतरावर असते. यावर चालकांचा आक्षेप ठाऊक आहे: दोन नौका म्हणजे दोन नावाडी आणि दुप्पट मजुरी. आक्षेप खोटा नाही. तिकिटाचा दर थोडा वाढवावा लागेल आणि तो देण्याची तयारी आम्ही सहलकरूंनी ठेवली पाहिजे. स्वस्त तिकिटाचा आग्रह आणि सुरक्षिततेची अपेक्षा, दोन्ही एकाच खिशातून काढणे प्रामाणिकपणाचे नाही.

परदेशात अलीकडे 'वेकबोर्ड' नावाचा खेळ बोकाळला आहे. वेगवान नौकेमागे दोर धरून, पायांना फळी बांधून लाटांवर उड्या मारायच्या, आणि लाट मोठी उठावी म्हणून नौकेच्या टाक्यांत मुद्दाम टनावारी पाणी भरायचे! वीस ते पंचवीस फुटांच्या या नौका तिकडची कुटुंबे सहलीसाठी विकत घेतात आणि कितव्या फुटाची घ्यावी यावर घरोघरी खल चालतो. त्या खलातील एक गोष्ट आपणही घेण्याजोगी आहे: टाकीत भरलेले पाणी हेही वजनच, ते भरले तर माणसे कमी करावी लागतात. बाकी ही नौका आपल्या बांधावर कोणी हौसेने आणू म्हटले, तर आमचा विरोध राहील. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली मोजमापे घेऊन दाखवले, की अशा नौकांची मोठी लाट साध्या नौकेच्या लाटेइतकी शमायला पाचशे फुटांहून अधिक अंतर लागते. काठच्या लव्हाळ्यातील घरट्यांचे आणि ढिवराच्या जाळ्यांचे त्या लाटेपुढे काय होईल ते सांगायला नको. आणि नौका मोठी, दणकट, महागडी असली म्हणजे सारे भागते असेही नाही. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील लेक टाहो सरोवरात सत्तावीस फुटी नौकेतून सहलीला निघालेल्या दहा जणांपैकी आठ जण अकस्मात उठलेल्या वादळात गेले. माणसे नौकेपेक्षा जास्त नव्हती. वारा जास्त होता.

कायदा आहेच. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यांत्रिक नौकांची नोंदणी आणि तपासणी त्यात आहे, आणि वल्ह्याच्या नौकांची नोंद गाव, तालुका व जिल्हा पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूदही आहे. या तरतुदीचा उपयोग आमच्या ग्रामपंचायतींनी करून घ्यावा. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही, एक रंगाचा डबा पुरतो. सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश लोकप्रतिनिधीच्या हट्टामुळे १८७६ साली तिकडच्या जहाजांच्या कुशीवर भाराची रेघ ओढणे सक्तीचे झाले. पाणी रेघेला टेकले की माल भरणे बंद. प्रथम रेघ कुठे ओढायची हे मालकांवरच सोडले होते आणि एकाने ती जहाजाच्या धुरांड्यावर ओढली अशी कथा सांगतात. १८९० साली सरकारने ती जागा स्वतःकडे घेतली. यातला बोध आपल्या पंचायतींना समजेल: रेघ चालकाने नव्हे, पंचायतीने ओढावी. नौका रिकामी असताना ठरलेल्या माणसांइतकी वाळूची पोती तिच्यात ठेवावीत, पाणी कोठवर चढते ते पाहावे आणि तेथे ठळक पांढरा पट्टा मारावा. पट्टा बुडाला की पुढच्याने काठावर थांबावे. हे वाचायला अक्षरओळखही लागत नाही. नावाड्याला पर्यटकांशी हुज्जत घालण्याचे कारण उरत नाही आणि चौथीतला मुलगाही आपल्या गुरुजींना विचारू शकतो, की पट्टा कुठे गेला.

जाकिटांविषयी एकच सांगावयाचे. ती माणशी एक हवीत आणि मुलांसाठी मुलांच्या मापाची हवीत. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात वर सरकते आणि मूल खाली राहते. शाळांच्या सहलींसाठी मुख्याध्यापकांनी निघण्यापूर्वीच चालकाला पत्र पाठवून मुलांची संख्या, त्यांचे वयोगट आणि किती फेऱ्या होतील हे ठरवून घ्यावे. काठावर उभे राहून, चाळीस मुलांचा गलका कानांत असताना आणि बसचालक भोंगा वाजवीत असताना, कोणाही शिक्षकाचा भागाकार चुकतो.

चार वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक अशाच एका तलावावर कुटुंबासह गेला होता. आम्ही अकरा जण होतो आणि नावाड्याने आम्हाला पाहताच सहा बोटे वर केली. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते अपमानास्पद वाटले, थोडी बोलाचालीही झाली. नावाडी वल्हे आडवे धरून बसला, हलला नाही. अखेर दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीची वाट पाहताना आम्ही पाळीवर बसून शिदोरी सोडली, आणि पहिल्या फेरीची मंडळी परत आली तेव्हा त्यांच्या वाटणीच्या पुऱ्या संपलेल्या होत्या. त्या पुऱ्यांवरून घरात अजूनही बोलणी होतात.