बियाणे तिच्या हाती, सातबाराही तिच्या नावे

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या पठारावरील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या तालुक्यांत, जिथे मातीचा थर वीतभर आणि त्याखाली नुसता मुरूम, आणि जिथे वर्षाकाठी पडणारा सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पाऊसही वेळेवर पडेल याची कधी शाश्वती नाही, तिथे बाजरी, तूर, मटकी, हुलगा, तीळ आणि अंबाडी एकाच वावरात पेरण्याची जी वहिवाट जुन्या कुणबिकीने पाडली, तिच्यामागे पर्जन्याच्या लहरीपणाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास होता. बाजरी अडीच-तीन महिन्यांत पदरात पडते आणि पावसाने ओढ दिली तरी तग धरते. तुरीचे सोटमूळ वरची माती कोरडी पडल्यावरही खालची ओल शोधत जाते आणि गळणाऱ्या पानांनी जमिनीचा कस राखते. मटकी-हुलगा भुईवर पसरून ती ओल उडू देत नाहीत. खाली माजलगाव-गेवराईकडच्या गोदाकाठच्या काळ्या रानात तर केवळ परतीच्या पावसाच्या ओलीवर, एक पाणीही न देता, रब्बीची ज्वारी उभी राहते आणि माणसाला धान्य व बैलाला कडबा दोन्ही पुरवते.

या वहिवाटीची जागा गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीन आणि कापूस यांनी घेतली. नगदी पिकाचा मोह शेतकऱ्याला का पडावा, हे समजण्यास मोठ्या अर्थशास्त्राची आवश्यकता नाही. कर्ज रोखीत फेडावे लागते आणि मुलाची फीही रोखीतच भरावी लागते. परंतु सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने तीन आठवडे दडी मारली तर शेंग भरत नाही, आणि काढणीच्या वेळी झोडपले तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने बीड जिल्ह्याला जे दाखवले, ते याच एकपिकी शेतीचे भयाण रूप होते. तशा महापुरापुढे पाण्यात उभी राहिलेली तूरही वाचत नाही, हे मान्य करावयास हवे. पण मृगात पेरलेली बाजरी तोवर बहुधा कापून झालेली असते, आणि सगळे दान एकाच डावावर लावलेल्या घराची जी वाताहत होते, ती चार पिके पेरणाऱ्या घराची होत नाही.

आता या साऱ्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी कोण होते, हे पाहू. पेरणीच्या दिवशी पुरुष तिफण हाकीत असे, आणि तिच्यामागून चालत चाड्यावर मूठ धरणारी असे ती घरची बाई. मूठ सैल सुटली तर पेरा दाट होतो, आवळली तर विरळ पडतो. चालता चालता बोटांच्या फटींतून दाणे सारख्या अंतराने सोडीत राहणे हे असे कसब आहे, की ते शिकण्यास दोन-तीन पेरण्या जातात. काढणीच्या आधी उभ्या पिकात फिरून भरगच्च, किडीचा स्पर्श नसलेली कणसे हेरणे, ती वेगळी वाळवणे, दाण्याला राख चोळणे, कडुलिंबाचा पाला घालून ते मडक्यात किंवा कणगीत पुढल्या मृगापर्यंत राखणे, हा सगळा कारभार तिचा. ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले आणि चाड्यावरची तिची जागा गेली. पिशवीबंद बियाणे आले आणि बियाण्याचा निर्णय घरातील मडक्याकडून कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीकडे गेला. तिच्याकडे राहिले ते खुरपणे आणि वेचणे, म्हणजे ज्यात वाकावे लागते परंतु ठरवावे लागत नाही असे काम.

आणि ज्या घराला वावर पुरेनासे झाले, तिथल्या बाईने कोयता उचलला. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघणारी बीडची जोडपी सर्वांना ठाऊक आहेत. या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला, तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळून आले. जी स्त्री कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत फडावर राहते, तिला रब्बीची ज्वारी राखता येत नाही. आणि ज्वारी राखता येत नाही म्हणून घरात धान्य नसते, म्हणून पुन्हा उचल घ्यावी लागते. खरिपातील बाजरी-मटकीने त्या घरात काही महिन्यांचे धान्य पडेल, हे खरे. परंतु उचलीची रोख रक्कम बाजरी देऊ शकत नाही, आणि जे कोणी भरडधान्याच्या एकट्या बळावर कोयता सुटेल असे सांगतात ते या स्त्रियांना फसवतात.

माझे म्हणणे आहे ते याच ठिकाणी. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि तेव्हापासून बाजरी-ज्वारीचे गुणगान सभांतून, प्रदर्शनांतून पुष्कळ झाले. पण मटकी खुरपायची, कणसे खुडायची, पाखरे राखायची आणि दळण-भाकरीही करायची ती बाईनेच. जमीन, पैसा आणि निर्णय नवऱ्याच्या नावावर ठेवून पारंपरिक पिकांचे पुनरुज्जीवन केले, तर त्यातून तिला मिळेल ती केवळ वाढीव मजुरी, आणि तीही बिनमोबदल्याची. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीच्या खात्यांपैकी जेमतेम चौदा टक्के खाती स्त्रियांच्या नावे होती. पीककर्ज, विमा, किसान सन्मान निधी, दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणारे अनुदान, हे सर्व खातेदाराकडे जाते. आणि सरकारी दप्तराच्या लेखी राबणारी ही बाई खातेदार नसते.

महाराष्ट्राला हे सांगावे लागावे, याचे वाईट वाटते. कारण हा विचार याच मातीत फार पूर्वी झाला आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवून शेतकरी नेते शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन उभे केले, आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी कोणी कायद्याने भाग न पाडता आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. पत्नीचे नाव सातबारावर लावण्याची योजना त्याच नावाने शासनानेही पुढे काढली. आमच्या शेजारच्या धाराशिव-लातूर भागात, भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून वाढलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने, स्त्रियांनी घरच्यांशी बोलणी करून अर्धा-एक एकर आपल्या मर्जीने कसण्यासाठी मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, डाळी व भाजीपाला घेतला. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या एक एकरात काय पेरायचे ते बाई ठरवते, हे मला पुरस्काराहून मोलाचे वाटते.

शासनाने करावयाचे कामही डोंगराएवढे नाही. बाजरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये जाहीर झाला. तालुक्याला खरेदी केंद्र उघडे नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद आहेच. तेव्हा बीडच्या रेशन दुकानात आणि अंगणवाडीत बीडच्याच बचत गटांनी पिकवलेली बाजरी-ज्वारी का जाऊ नये? परभणीच्या कृषी विद्यापीठाने छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रावर लोहाचे प्रमाण अधिक असलेला एएचबी १२०० हा बाजरीचा संकरित वाण तयार केला आहे. रक्तक्षयाने पिवळ्या पडलेल्या मातांच्या जिल्ह्यात तो पोहोचलाच पाहिजे. संकरित वाणाचे बी दरसाल विकत घ्यावे लागते. म्हणून त्याच्या जोडीला मडक्यातले गावरान बी राखणाऱ्या स्त्रियांना बियाणे-उत्पादक म्हणून मान्यता आणि मोबदला मिळाला पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे म्हणून जाहीर केले आहे. नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले आणि गावाकडची जमीन आईच्या किंवा भावजयीच्या कष्टावर सोडून आलेले बीडकर वाचक थोडे नाहीत. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, तरी आजही माहेर तुटेल या धाकाखाली बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. त्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या दिवाळीत गावी जाल तेव्हा बहिणीपुढे तो कागद ठेवू नका. तलाठ्याकडे जा, आणि ज्या बाईच्या राबण्यावर ते वावर पिकते तिचे नाव सातबारावर लावण्याचा अर्ज त्याच भेटीत देऊन या.