चकचकीत म्हणजे दुरुस्त नव्हे

गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग शिकून आल्यापासून त्याच्या डोक्यात दुसरा विषय नाही. बोलता बोलता त्यानं माझं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक डबा बाहेर काढला. आत माझा जुना रेग्युलेटर होता. सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र. वय भाच्याच्या जवळपास दुप्पट.

“मामू, काय चकाकतोय! हा मला द्या ना. पुढच्या डाइव्हला हाच लावतो.”

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याचा चेहरा उतरला. म्हाताऱ्याचा जुन्या वस्तूत जीव अडकलाय, असं त्याला वाटलं असावं. खरं कारण वेगळं होतं. ते सांगण्यासाठीच हा लेख.

मी मस्कतमध्ये बरीच वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून नोकरी केली. प्रेशर गेज, व्हॉल्व्ह, सील हेच रोजचं काम. देश सोडून निघालेल्या एका युरोपियन सहकाऱ्यानं हा रेग्युलेटर भंगारात टाकण्याऐवजी माझ्या हातात ठेवला. अमेरिकेतल्या ‘यू. एस. डायव्हर्स’ कंपनीचा ‘कॉनशेल्फ’. फ्रेंच संशोधक झाक कूस्तो यांनी १९६२ ते १९६५ या काळात माणसांना समुद्राखाली घर करून राहायला लावण्याचे तीन प्रयोग केले. त्या प्रयोगांचं नाव कॉनशेल्फ. त्यातला दुसरा सुदानजवळच्या तांबड्या समुद्रात झाला होता. या रेग्युलेटरचं नाव तिथून आलेलं.

एका नळीची गोष्ट

कूस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ‘अॅक्वालंग’ तयार केलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या यंत्राला दोन जाड, सुरकुतलेल्या नळ्या होत्या. एकीतून हवा तोंडात यायची, दुसरीतून उच्छ्वास मागे जायचा. सगळा व्हॉल्व्ह डायव्हरच्या मानेमागे असायचा.

आज जगभर वापरात असलेला एका नळीचा रेग्युलेटर मात्र वेगळ्या माणसाच्या डोक्यातून बाजारात आला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे टेड एल्ड्रेड. फ्रेंच पेटंटच्या आड न येणारी रचना त्यांना हवी होती. म्हणून त्यांनी यंत्राचे दोन तुकडे केले. एक सिलिंडरवर, दुसरा थेट तोंडात आणि मध्ये एक बारीक नळी. १९५२ च्या सुमारास त्यांचा ‘पॉरपॉइज’ विक्रीला आला. पुढे त्यांची कंपनी फ्रेंचांनीच विकत घेतली आणि एल्ड्रेड यांचं नाव मागे पडलं. रचना मात्र टिकली. स्वीडनच्या पोसायडनचा ‘सायक्लॉन’, अमेरिकेचा ‘कॉनशेल्फ’, १९७० चा स्कुबाप्रो ‘मार्क ५’ ही सगळी याच विचाराची लेकरं.

या रचनेत सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज. तो सिलिंडरमधल्या २०० बार दाबाचा साधारण साडेनऊ-दहा बार करतो. तोही भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा तेवढा जास्त. तोंडातल्या सेकंड स्टेजमध्ये एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. आपण श्वास घेतला की पडदा आत ओढला जातो, लिव्हर दाबतो, झडप उघडते आणि हवा येते. श्वास थांबला की झडप बंद. बस, एवढंच. यात बॅटरी नाही, चिप नाही, स्क्रीन नाही. साठ वर्षांपूर्वीचा आणि आजचा रेग्युलेटर शेजारी उघडून ठेवला, तर जाणकाराला तेच कुटुंब दिसेल.

म्हणूनच मला राग येतो, जेव्हा कुणी न उघडताच जुन्या यंत्राला ‘बाद’ ठरवतो. मस्कतमध्ये एका दुकानात मी हा रेग्युलेटर घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या माणसानं हातसुद्धा लावला नाही. “पेपरवेट म्हणून ठेवा,” म्हणाला आणि नव्याचं किंमतपत्रक पुढे सरकवलं.

माझी चूक

रागाच्या भरात मी ठरवलं, आपणच दुरुस्त करायचा. फिटरचा हात होताच. सगळे भाग सुटे केले. आतलं पितळ हिरवट कळंकानं माखलेलं. लहानपणी आई तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासायची, ते आठवलं. आम्लानं कळंक सुटतो, पण भांडं आंबटात विसरलं तर पितळच कळकतं. मी पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर वापरलं, थोड्या मिनिटांत भाग बाहेर काढून गोड्या पाण्यात धुतले. ओ-रिंगा लोखंडी टोच्यानं उपसल्या नाहीत, कारण खाचेत एक ओरखडा पडला तर तिथून जन्मभर हवा गळते. पितळी आकडा वापरला. नवीन ओ-रिंगा, सिलिकॉन ग्रीस, वरून पॉलिश. रेग्युलेटर दागिन्यासारखा दिसायला लागला.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. सेकंड स्टेजचा मूळ रबरी डायफ्राम. बोटांनी दाबून पाहिला, बरा वाटला. शिवाय तो ‘ओरिजिनल’ होता. ओरिजिनल या शब्दाची एक नशा असते.

बंदर खैरानच्या खाडीत मी तो घेऊन उतरलो. पहिली दहा मिनिटं मजेत गेली. बारा मीटरवर श्वासाबरोबर खारट पाण्याचा शिडकावा घशात आला. वाटलं, माउथपीस नीट धरलं नसेल. पुढच्या श्वासाला जास्त पाणी. तिसऱ्याला ठसका. पाण्याखाली ठसका लागणं काय असतं, ते जमिनीवर सांगून कळणार नाही. मन म्हणतं वर पळ, आणि शिकवलेलं असतं की श्वास कोंडून वर पळणाराची फुप्फुसं फाटू शकतात. सोबती हाताच्या अंतरावर होता. त्यानं आपला जादा सेकंड स्टेज माझ्या तोंडात दिला. सावकाश, श्वास सोडत-घेत आम्ही वर आलो.

घरी येऊन डायफ्राम दिव्यासमोर धरून ताणला. कडेच्या घडीत केसासारखी चीर. हवा देणारी झडप उत्तम चालत होती. पण श्वास ओढला की चिरेतून पाणीही ओढलं जात होतं.

हे आधी कळण्यासाठी एका मिनिटाची चाचणी पुरली असती. फर्स्ट स्टेजचं तोंड टोपणानं बंद करायचं, माउथपीसमधून श्वास ओढायचा आणि धरून ठेवायचा. ओढ टिकली तर डायफ्राम आणि उच्छ्वासाची झडप शाबूत. हवा आत झिरपली तर कुठेतरी गळती. मी पॉलिशला दोन संध्याकाळी दिल्या होत्या, या चाचणीला एक मिनिटही नाही.

दोन्ही टोकं चुकीची

या छंदात मला दोन प्रकारची माणसं भेटली. पहिली त्या दुकानदारासारखी. त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. हे श्वासाचं यंत्र आहे. कंपनीनं भाग बनवणं थांबवलेलं असतं, तंत्रज्ञ चालू मॉडेलवर तयार झालेला असतो, काही बिघडलं तर जबाबदारी त्याच्यावर येते. त्यानं काम नाकारलं तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘मला येत नाही’ म्हणण्याऐवजी ‘हे निकामी आहे’ म्हणण्याची. आणि कंपन्यांची रीत तर याहून वाईट. अनेक कंपन्या सुटे भाग फक्त अधिकृत विक्रेत्याला देतात, ग्राहकाला नाही. काही वर्षांनी भागही बंद, माहितीही बंद. ज्या मॉडेलची सेवा तुम्ही थांबवलीत, त्याचं मॅन्युअल आणि सीटची मापं तरी खुली करा. माहिती दाबून सुरक्षितता वाढत नाही. दुरुस्ती करणारा करतोच, फक्त अंदाजानं करतो. कॉनशेल्फचं नशीब बरं, त्याच्या घराण्यातले रेग्युलेटर पुढेही बनत राहिले म्हणून भाग मिळत गेले.

दुसरी माणसं माझ्या त्या दिवसासारखी. जुनं ते सोनं म्हणणारी. त्यांना मी सांगेन, जुन्या रेग्युलेटरमध्ये दोन गोष्टी असतात. पितळ आणि रबर. पितळ आपल्या नातवंडांपर्यंत टिकेल. रबर कुणाचंच झालेलं नाही. डायफ्राम, उच्छ्वासाची झडप, ओ-रिंगा, सीट आणि नळी यांत ‘मूळ’ जपण्यासारखं काही नाही. ते काचेच्या कपाटात जपावं, पाण्यात नाही.

आणि सगळे जुने सारखेही नसतात. काही सुरुवातीच्या सेकंड स्टेजमध्ये झडप हवेच्या दाबाविरुद्ध उघडते. फर्स्ट स्टेज गळून मधला दाब वाढला तर ती आणखी घट्ट बंद होते. तिथे सुरक्षा झडप नसेल तर नळी फुटण्याची वेळ येते. दाबाच्या दिशेनं उघडणारी झडप अशा वेळी हवा सोडून देते. हवा वाया जाते, पण श्वास चालू राहतो. काही जुने योक, म्हणजे सिलिंडरला पकडणारे चिमटे, सुमारे १५५ बारच्या सिलिंडरसाठी घडवलेले असतात. आजचा नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर २०७ बारचा. अनेक जुन्या फर्स्ट स्टेजवर जादा सेकंड स्टेज जोडायला जागाच नसते. ज्याला हे तपासायचं नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये.

त्या प्रसंगानंतर मी कॉनशेल्फ पुन्हा उघडला. या वेळी पॉलिशचा डबा बाहेर काढला नाही. रबर सगळं नवं घातलं. मधल्या दाबाला गेज लावलं आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसलो. काटा साडेनऊवर येऊन थांबला तर सीट चांगली. हळूहळू वर सरकत राहिला तर पुन्हा खोल. माझा पहिल्यांदा सरकला. सीट बदलली, मग थांबला. सेकंड स्टेज माउथपीस वर धरून पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवला. डायफ्रामवर तीनेक सेंटिमीटर पाणी चढलं की हवा सुटायला लागली पाहिजे. आधीच सुटली तर झडप फार हळवी, उशिरा सुटली तर श्वास जड. सगळे आकडे तारखेसह वहीत लिहिले. त्यानंतर त्या रेग्युलेटरवर मी अनेक डाइव्ह केल्या. वीस मीटरच्या आत मला नव्यात आणि त्यात फरक जाणवला नाही. त्याहून खोल मी त्याला कधी नेलं नाही. युरोपात आजचे रेग्युलेटर ईएन २५० या मानकानुसार ५० मीटरच्या दाबावर तपासले जातात. माझ्या म्हाताऱ्यानं ती परीक्षा दिलेली नाही, आणि ती न देता पास झाल्याचा आव मी आणणार नाही.

आता भाच्याचं उत्तर. रेग्युलेटर त्याचाच आहे. पण डबा गेली कित्येक वर्षं कपाटात होता, म्हणजे त्यातलं रबर पुन्हा म्हातारं झालंय. बाहेरून तो चकाकतोय, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. दुसऱ्याच्या हाती श्वास सोपवणं ही अमानत आहे. तिच्यात ‘बरा वाटतो’ हे माप चालत नाही.

मी त्याला फोन केला. म्हटलं, “रविवारी ये. तूच खोलायचा, तूच जोडायचा, मी बघेन. गेजचा काटा थांबला तर पहिल्यांदा स्विमिंग पूल, मग उथळ पाणी. आणि सोबत्याकडे नवा रेग्युलेटर हवाच.”

“आणि काटा नाही थांबला तर, मामू?”

“तर पुन्हा खोलायचा. वही घेऊन ये.”