मास्क घरचा चालेल, हवा घरची नको

गेल्या उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून चोवीस वर्षांचा पोरगा ओपीडीत आला. दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलेलं, छातीत दुखतंय अशी तक्रार. सोबतच्या काकांना वाटलं, डोळे आले. खोदून विचारलं तेव्हा कळलं, हा विहिरीत पडलेली मोटर काढायला बुड्या मारत होता. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, कडेला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून चेहऱ्याच्या अगदी मापाचा केलेला. तोंडात नळी, नळीचं दुसरं टोक पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला. कमरेला दगड. सगळं मोबाइलवर बघून घरीच केलेलं. काका म्हणाले, "डाक्टरसाहेब, पोरगं लय डोक्याचं हाये."

छातीचा एक्स-रे ठीक निघाला, पोरगा वाचला. पण त्या कौतुकाविरुद्ध मला लिहायचंच आहे.

आधी डोळ्यांचं. पाण्यात खाली जाल तसा दाब वाढतो. दर 10 मीटरला एक वातावरण इतका. चष्म्यातली हवा मात्र बंदिस्त असते. बाहेरचा दाब वाढला, आतला तेवढा वाढला नाही, की डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या ओढल्या जाऊन फुटतात. म्हणून पाणबुड्यांच्या मास्कमध्ये नाकही आत असतं. नाकातून थोडी हवा सोडून ते दाब सारखा करतात. ट्यूबचे तुकडे लावून चष्मा जितका घट्ट केला, तितका तो धोक्याचा झाला! नाक झाकणारा मास्क चेहऱ्याला बसवून घ्या, दातांच्या मापाचं माउथपीस करून घ्या, अंगाच्या मापाचा सूट शिवा, माझी काही हरकत नाही. माझं भांडण हवेशी आहे.

काही जण कॉम्प्रेसरही वापरत नाहीत, नुसता लांब पाइप तोंडात धरतात. एक मीटर खोलीवर पाणी छातीला इतकं दाबतं की वरची हवा ओढून घेणं धडधाकट माणसालाही जमत नाही. शिवाय एक इंची, दहा फुटी पाइपात सुमारे दीड लिटर हवा मावते आणि आपला साधा श्वास असतो अर्ध्या लिटरचा. म्हणजे सोडलेलीच हवा पुन्हा आत. कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस गुंगतो आणि बुडतो. वर उभ्या असलेल्यांना वाटतं, काम चाललंय.

कॉम्प्रेसर लावला की हा त्रास जातो आणि दुसरे सुरू होतात. ते यंत्र टायर भरायला बनवलंय, माणसाच्या फुप्फुसासाठी नाही. त्यातून तेलाची वाफ येते. पेट्रोल-डिझेल इंजिनवर चालणारा असेल तर शेजारचा धूर आत ओढला जातो, त्यात कार्बन मोनॉक्साइड. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, त्याला ना वास ना रंग. आणि वीज गेली तर? आमच्याकडे ती कधी जाईल हे महावितरणलाही सांगता येत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार वर येताना घडतो. 10 मीटरवर दाबाची हवा भरून घेतली, घाबरून श्वास रोखला आणि झपकन वर आलात, तर छातीतली हवा फुगून दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटतं. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात. यासाठी खोल विहीरच लागते असंही नाही. जेमतेम दीड मीटरवरून श्वास रोखून वर आलेल्यांनाही हे झालेलं आहे. कोणी वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर लावायचा विचार करत असेल तर तेही ऐका: शुद्ध ऑक्सिजन घेऊन 6 मीटरखाली गेल्यास पाण्यातच झटके येऊ शकतात.

"गरिबानं काय करावं, तारकर्लीला जाऊन शिकावं का?" असं मला विचारतात. विचारणारा बहुधा गरीब नसतो. तो विहिरीचा मालक असतो, काठावर कोरडा उभा. आत उतरणारा दोन-चारशे रुपयांसाठी उतरतो. पंपाची किंमत वाचवायला शेजारच्याचा पोरगा पणाला लावणं, याला मी जुगाड म्हणत नाही. आणि असे व्हिडिओ शाबासकी देत पुढे पाठवणारे आपण सगळे त्यात भागीदार आहोत.

मोटर काढायला माणूस लागतच नाही. आधी स्टार्टरचा पुरवठा तोडा. दुसरा पंप लावून पाणी उपसा. गळ टाका, तिकाटणं उभारून चेन-पुलीनं ओढा. दोन दिवस लागतील, लागू देत. माणूस बुडाला असेल तर ओळखीच्या पोहणाऱ्याला पाइप देऊन उतरवू नका, तहसीलला कळवा. पिंजरच्या संत गाडगेबाबा पथकासारखी या कामात मुरलेली माणसं आपल्या भागात आहेत.

आणि कोणी पाइपानं हवा घेऊन वर आल्यावर छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले किंवा चक्कर आली, तर त्याला उताणं आडवं ठेवा, 108 ला फोन करा, ऑक्सिजन मागा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की यानं पाण्याखाली दाबाची हवा घेतली होती. त्या पोराच्या काकांनी मला ते वीस मिनिटांनी सांगितलं.