मामाचा गाव आणि मामीचा मे महिना

दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकेत 'ललित' ह्या शीर्षकाखाली दोन-तीन लेख असे असतातच, की ज्यांचा सारांश ते न वाचताही सांगता यावा. उन्हाळ्याची सुट्टी लागते, लेखक आगगाडीत किंवा एस.टी.त बसतो, मामा बैलगाडी जुंपून उभा असतो, आजी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते, आंब्याची आढी उघडली जाते, अंगणात बाजेवर पडून चांदण्या मोजल्या जातात आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात वाडा विकला जातो. शेवटचा परिच्छेद हल्लीच्या मुलांसाठी राखीव. त्यांच्या हाती मोबाईल आहे, त्यांना मामाचा गाव ठाऊक नाही, अरेरे! आमचे भांडण ह्या लेखाशी आहे. लेखकांची नावे आम्ही घेत नाही, कारण ती एकमेकांच्या लेखांवर खुशाल चिकटवता येतील, आणि हाच आमचा पहिला आक्षेप आहे. आठवण ही ज्याची त्याची असते, असे आपण वर्गात शिकवतो. मग इतक्या निरनिराळ्या माणसांच्या आठवणी इतक्या सारख्या कशा?

ह्यावर कोणी विचारील, की माणसाने लहानपण आठवूच नये की काय? अवश्य आठवावे. श्रीनिवास विनायक कुलकर्णींचा 'डोह' १९६५ साली आला. औदुंबरच्या परिसरातले ते लहानपण आजही वाचवते, कारण त्यात नदी जशी आहे तशी आहे, तिची ओढ आहे आणि तिची भीतीही आहे. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला (१९९४) लंपन तर आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. आजोळ हे त्याचे रोजचे घर. त्याची हुरहुर आईच्या घराची आहे. आजी प्रेमळ आहे, गाव सुंदर आहे, आणि तरीही पुस्तकाचे नाव 'वनवास' आहे. ह्या एका शब्दात जे आहे ते स्मरणरंजनाच्या शंभर लेखांत नाही. संतांनी मुलाच्या डोळ्यांनी पाहिले. आमचे ललित लेखक मुलाच्या तोंडून स्वतःच्या पन्नाशीची हळहळ बोलवून घेतात. दोन्हींना आपण एकाच श्वासात 'बालपणीच्या आठवणी' म्हणतो, ही समीक्षेची आळशी सवय आहे.

आता हा ठराविक लेख आमच्या जिल्ह्यात आणून पाहा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. वत्सगुल्म म्हणून वाकाटकांच्या एका शाखेची इथे राजधानी होती, आणि त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा प्राकृतात 'हरिविजय' लिहिणारा कवी होता. म्हणजे साहित्याची आम्हांला अगदीच ओळख नाही असे नव्हे. तर ह्या जिल्ह्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांना 'माझी उन्हाळ्याची सुट्टी' हा विषय दिला, की वहीत नारळी-पोफळीच्या बागा डुलू लागतात, फणस पिकतात आणि संध्याकाळी सगळे समुद्रावर जातात. हे बाजारातल्या निबंधाच्या पुस्तकातून येते हे उघड आहे. पण विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. आठवण म्हणून काय सांगावे आणि काय सांगू नये, ह्याचा नमुना त्याला कोणीतरी घालून दिला आहे, आणि आपली सुट्टी त्या नमुन्यात बसत नाही हे त्याला आपण समजतो त्यापेक्षा चांगले कळते.

माडगूळकरांच्या गाण्यातल्या आगगाडीचेच पाहा. ते बालगीत महाराष्ट्रभर पाठ आहे, आम्हांलाही आहे. पण रिसोड, मंगरुळपीर, मानोरा ह्या तालुक्याच्या गावांना आजही रेल्वे नाही. वाशीमवरून जाणारी पूर्णा–खांडवा ही मीटरगेज गाडी होती. पूर्णा ते अकोला हा तिचा भाग २००८ साली रुंद झाला. कारंज्याला मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गाची शकुंतला होती, आता तीही बंद आहे. ह्या सावकाश चालणाऱ्या गाड्यांत उन्हाळ्यात काय होत असे, दुपारच्या डब्यात पाण्याचे काय होई, हे लिहिण्यासारखे होते. पण लिहिताना आमच्याकडचा माणूसही गाण्यातलीच गाडी लिहितो. शाळेचेही तसेच. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीस. नव्या पुस्तकांचा वास आणि पहिला पाऊस ही छापील सांगड म्हणूनच आमच्याकडे थोडी उशिरा पोहोचते. (असो, हा काही मोठा अन्याय नव्हे.)

खरा प्रश्न पुढे आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचे देशभरातले श्रद्धास्थान. आसपास तांडे आहेत. ह्या तांड्यांवरची आणि आमच्या अनेक खेड्यांतली माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ज्या घरातले आई-बाप ऊसतोडीला जातात, त्या घरातल्या मुलाचे पंचांग आपल्यापेक्षा उलटे असते. दिवाळीची सुट्टी म्हणजे आई जाण्याचे दिवस. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आई परत येण्याचे दिवस. मधले महिने आजीजवळ. म्हणजे आजी त्याच्याही गोष्टीत आहे, बाजही आहे, चांदण्याही आहेत. मात्र त्या मोजताना तो कशाची वाट पाहतो हे आपल्या ललित लेखाला विचारावेसे वाटत नाही. आणि ज्या मुली-बायका मे महिन्याच्या उन्हात पेरणीपूर्वी शेतातली धसकटे वेचतात, त्यांना सुट्टी हा शब्द फक्त शाळेच्या संदर्भात ठाऊक असतो.

इथे एक आक्षेप ठरलेला येतो: दुःखाचे लेखन स्वतंत्र झालेच आहे की! आहे, आणि नेमके हेच आम्हांला खटकते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० चे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे, आनंद यादवांची 'झोंबी' १९८७ ची. 'झोंबी'तल्या मुलाला सुट्टी कुठली, त्याला शाळाच बापाशी झगडून मिळवावी लागते. त्याआधी १९६० साली उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये वऱ्हाडी बोलीत कौतिकचे घर उभे केले. दारिद्र्यात मुलांचे लहानपण कसे हातातून जाते, हे आमच्या ह्या मुलखाच्या भाषेत त्याहून नेमके कोणी सांगितल्याचे आम्हांला ठाऊक नाही. ही पुस्तके अभ्यासक्रमांत येतात, त्यांवर प्रबंध होतात. पण त्यांचा कप्पा वेगळा. एकाचे बालपण ते 'ललित गद्य', दुसऱ्याचे ते 'दलित' वा 'ग्रामीण' आत्मकथन. एकाची आठवण सर्वांची समजायची, दुसऱ्याची त्याच्या जातीची आणि वस्तीची. वास्तविक वाड्याच्या अंगणातली आठवणही एका विशिष्ट जातीची आणि जमीनधारणेची आठवण असते. पण तिच्यापुढे आपण कधी विशेषण लावले नाही. एम.ए.ची प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी एकदा 'सवर्ण आत्मकथनांतील बालपणाचे चित्रण' असा प्रश्न घालून पाहावा. किती प्राध्यापकांना तो अभ्यासक्रमाबाहेरचा वाटेल, हे आम्ही पैज लावून सांगू.

आणि हे सगळे बाजूला ठेवून, खाऊनपिऊन सुखी असलेल्या त्या मामाच्याच घरात शिरलो, तरी लेख खरा ठरतो का? त्या लेखात मामी जवळपास नसते. असली तर 'सुगरण' ह्या एका विशेषणात आटोपते. आमच्याकडचा मे महिना म्हणजे वाळवणाचा महिना. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढण्याआधी सोऱ्याने कुरडया घालायच्या. शेवया, पापड आणि काडीवर वळायचे सरगुंडे वेगळेच. ह्याच महिन्यात विहिरी तळाला जातात. ह्याच महिन्यात दोन-तीन नणंदा आपापली मुले घेऊन येतात, म्हणजे दहा ताटे, दहा आंघोळी आणि तितक्या पाण्याच्या खेपा वाढतात. मामीलाही माहेर असते. पण नणंदा आल्यावर तिने कधी जायचे? तिची मुले त्यांच्या मामाकडे केव्हा गेली, हे भाच्याच्या लेखात येत नाही, आणि भाच्याने ते कधी विचारले असेल असे त्या लेखांवरून दिसत नाही. ज्याला आपण मराठी बालपणाचा सोनेरी काळ म्हणतो, तो एका बाईच्या न मिळालेल्या सुट्टीवर उभा होता.

तिथेच आणखी एक गोष्ट होते, आणि ती आम्ही आमच्या परिचयाच्या घरांतून पाहिली आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला. २००५ साली केंद्राने तो देशभर लागू केला, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. त्यामुळे भावांना बहिणींच्या सह्या लागतात. सगळ्या बहिणी एका वेळी गावात कधी असतात? सुट्टीत. मुले आंबे खात असतात, आणि एका सकाळी आई, मावशी, मामा ठेवणीतले कपडे घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात. हक्कसोडपत्र होते. सही का केली असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच: माहेर तुटायला नको. म्हणजे मामाच्या गावाचे दार उघडे राहावे म्हणून आईने जमीन सोडलेली असते. जिने सही केली नाही, तिच्या मुलांना पुढच्या मे महिन्यात बोलावणे येत नाही. आणि ज्या वाड्याच्या विक्रीवर भाच्याच्या लेखातला शेवटून दुसरा परिच्छेद अश्रू ढाळतो, त्याच्या विक्रीखतावर आईचे नाव का नव्हते हे त्याने तिला विचारलेले नसते.